ठिपकेवाले सर

मला रायपुरात टिकवलं ते ठिपकेवाल्या सरांनी, आणि धानाच्या रोगाची इतक्या लाडानं सरबराई करणारा माणूस अख्ख्या छत्तीसगडात दुसरा नसेल. राज्य नवीन झालेलं, कचेऱ्यांच्या पाट्या रोज बदलत होत्या; सर मात्र तेलीबांध्यापलीकडच्या प्रयोगाच्या शेतात करप्याची बुरशी मुद्दाम पानांवर फवारत, आणि तिला गारवा लागतो म्हणून स्वतः उन्हात उभं राहून छत्री रोपांवर धरत. सदर बाजारात सोनाराचं भिंग घ्यायला गेले. दुकानदारानं विचारलं, "क्या परखना है, भैया?" तर यांनी खिशातून रोगट पान काढलं! पुरानी बस्तीतल्या एका लग्नात पंगतीतलं केळीचं पान इतका वेळ न्याहाळत बसले, की मुलीकडचे घाबरले, जेवणात काही निघालं का म्हणून.

मी यवतमाळची, आठवीत शाळा सोडलेली, इथं एकटी. सरांच्या शेतावरची रोजंदारी सुटली तर परतायला दार नव्हतं, म्हणून सांगितल्यापेक्षा चार कामं जास्तच करायची. आमच्याकडे कपाशीचं रोगट झाड उपटून टाकतात. एका सकाळी धानाच्या दोन ओळींवर बारीक तपकिरी ठिपके दिसले. सर यायच्या आत मी सगळी रोपं उपटून बांधावर टाकली.

सर आले आणि मटकन खालीच बसले. "काहून उपटली, ताई?"

"रोग होता ना, सर."

"रोगाचा डाग मोठा असते, डोळ्यासारखा. हा टाचणीएवढा ठिपका म्हणजे रोपानं रोग अडवला. याच्यात एक जनुक आहे, ते बुरशीला ओळखते. मग ती शिरली तिथल्या चार पेशी आपणहून मरतात, आणि बुरशी उपाशी राहते. अशी रोपं निवडाले मले सहा वर्षं लागली."

सरांनी चपला काढल्या. "मुळं ओली आहेत अजून. चला." आम्ही दोघं चिखलात वाकून एकेक रोप परत लावत होतो, तेवढ्यात मोठे साहेब आले.

"ये किसने उखाड़ा?"

मी तोंड उघडणार, तोच सर म्हणाले, "मैंने. जड़ें देखनी थीं."

"आप भी ना, कमाल करते हैं!" म्हणत साहेब निघून गेले. माझं काम राहिलं. रोपं मात्र अर्धीच जगली.

सर निवृत्त होऊन लेकीकडे गेले, चौथ्या मजल्यावर. तिथं धान कुठलं? त्या अर्ध्या रोपांच्या बियाण्याच्या चाचण्या अजून चालूच आहेत, आणि त्या धानात निंदायला मीही आहे. ते वाण शेतकऱ्यांच्या हाती पडेल, त्या वर्षी त्याचा पहिला भात माझ्या हातानं रांधून सरांना वाढीन. उशीर होईल, पण वाढीनच.