सम्राटाच्या मुली

आमच्या घरात जेवताना गोष्ट सांगायची हौस माझी आणि ती ऐकायची शिक्षा लेकीची. तिची आई गेल्यापासून श्रोता म्हणून ती एकटीच. लेकीला बघायला काशीदहून पाहुणे आले, तेव्हा इतके कान एकदम मिळालेले पाहून मी कांदेपोह्यांबरोबर एक सम्राटच वाढला. निम्मा युरोप जिंकलेला, म्हातारपणी अक्षरं गिरवायला बसलेला. मुलींचा त्याला इतका लळा, की त्याने एकीचंही लग्न होऊ दिलं नाही. त्या पंगतीला नसतील तर त्याला घास जात नसे.

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "मंग दादा, पोहे खाऊ का निघू?"

सगळे हसले, मीही हसलो. लेक तेवढी हसली नाही. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "बाबा, मुलगा आवडलाय मला. पण तुमच्यासाठी नको म्हणून कळवते."

"बरं" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण पाहुण्यांना न सांगितलेला शेवट मी तिला सांगितला. सम्राट मेला, मुलगा गादीवर बसला आणि त्याने बहिणींना राजवाड्याबाहेर काढलं.

"मला कुठे भाऊ आहे?"

"तेच तर. माझ्यानंतर जेवताना तू बोलणार कोणाशी?"

आता ती काशीदला असते. मासेवाली मला अजून दोघांपुरते बांगडे देते आणि मी मुकाट घेतो. काल जेवताना एक नवीन गोष्ट सुरू केली. अर्ध्यावर थांबलो, कारण ऐकणाऱ्याला पुढचं सगळं माहीत होतं.