कोरसकाकूंचा श्वास

कोरसकाकूंचं बोलणं मध्येच तोडणं कुणालाही जमायचं नाही. त्या फार मोठ्याने बोलायच्या किंवा फार महत्त्वाचं बोलायच्या अशातला भाग नाही. पण माणसं साधारणपणे वाक्य संपलं की श्वास घेतात आणि त्या फटीतून समोरच्याला आत शिरता येतं. काकू श्वास घ्यायच्या तो वाक्याच्या मधोमध, कधीकधी शब्दाच्याही पोटात, आणि वाक्याचा शेवट मात्र सुसाट ओलांडून पुढच्या वाक्यात घुसायच्या. "विनय तो ड्राइव्हवेवरचा स्नो आज काढू नकोस उद्या पुन्हा पड... णारच आहे आणि मीनलला सांग मेथी आणलीय निवडून ठेव... लीय." शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा पहिले सहा महिने माझी बायको मीनल त्यांच्याशी नुसती मान हलवून बोलत होती.

ही सवय त्यांच्या पेशातली होती. काकू शिकागोच्या एका ऑपेरा कंपनीत अठ्ठावीस वर्षं कोरसमध्ये गायल्या. कोरसला लांबलचक सूर धरायचा असतो तेव्हा सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर गाण्याला भोक पडतं. म्हणून प्रत्येकाने वेगळ्या जागी घ्यायचा, शेजारणीने घेतला तिथे तर मुळीच नाही, आणि परत सुरात शिरायचं ते चोरपावलांनी. ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसांना फुप्फुसं आहेत की फॅक्टरीतले भाते. काकू हे फार अभिमानाने सांगायच्या, आणि अर्थात मधे न थांबता.

त्या मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती घरातल्या. लहानपणापासून चर्चमध्ये चार आवाजांत गायलेल्या, त्यामुळे आपण आपला सूर धरायचा आणि शेजारचीचा वेगळा सूर ऐकायचा हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. नवरा सोलापूरचा, हिंदू, मेकॅनिकल इंजिनियर. लग्नावरून दोन्ही घरांत जे व्हायचं ते झालं आणि मग दोघं अमेरिकेत आली. इथे काकूंनी संध्याकाळचे क्लास करून गाण्याचं शिक्षण घेतलं आणि पस्तिशीच्या सुमाराला ऑडिशन दिली. ऑपेरात त्या कधी नायिका झाल्या नाहीत, नायिकेची दासीसुद्धा झाल्या नाहीत. त्या कोळणी झाल्या, कैदी झाल्या, मठातल्या जोगिणी झाल्या, दरबारातल्या पंखा हलवणाऱ्या बायका झाल्या. "अठ्ठावीस वर्षं मी गाव होते," त्या म्हणायच्या. "हिरॉइन मरते, गाव बघतं. कुणीतरी बघायला नको?"

काकांचा नेम असा की प्रत्येक ऑपेराचा एक तरी खेळ पाहायचाच. वरच्या गॅलरीत दुर्बीण घेऊन बसायचे आणि एकसारखे झगे घातलेल्या ऐंशी माणसांत आपली बायको शोधायचे. परतीच्या ट्रेनमध्ये दर वेळी एकच वाक्य: "सरोज, आज तुझा आवाज बरोब्बर ऐकू आला."

"खोटारडे कुठले," काकू म्हणायच्या. "ज्या दिवशी माझा आवाज वेगळा ऐकू येईल ना, त्या दिवशी मला काढून टाकतील."

काकांना खरं तर ऑपेरातलं ओ की ठो कळत नसे. त्यांचा जीव होता ब्रॉडवेच्या जुन्या संगीत नाटकांवर. अमेरिकेत आले तेव्हा त्यांचं इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात कुणाच्या तरी गराज सेलमध्ये त्यांना त्या नाटकांच्या रेकॉर्ड्सचा एक खोका मिळाला आणि त्या ऐकून ऐकून ते इंग्रजी बोलायला शिकले. परिणाम असा की हार्डवेअरच्या दुकानात अर्ध्या इंचाचे स्क्रू मागतानाही त्यांचे हात आपोआप पसरत आणि आवाजाला किंचित प्रणयाचा वास येई. इन्शुरन्सच्या फोनवरच्या बाईला ते 'माय डिअर' म्हणत. ती बाई, काकू सांगायच्या, क्लेम लगेच पास करायची.

काकूंचं एक वाक्य आमच्या घरात अजून चालतं. आमची ईरा तीन आठवड्यांची होती, बाहेर ढीगभर बर्फ, आणि पोरगी सकाळपासून टाहो फोडून रडत होती. मीनलचा चेहरा उतरलेला, माझा तर चेहराच उरला नव्हता. काकू बूट झटकत आल्या, माझ्या हातून ईराला घेतलं आणि म्हणाल्या, "तू श्वास घे, मी धरते." कोरसमध्ये शेजारणीला डोळ्यांनी हेच सांगायचं असतं म्हणे. आम्ही दोघं सोफ्यावर जे कोसळलो ते दोन तासांनी उठलो. काकू खिडकीशी उभ्या राहून ईराला कुठल्यातरी ऑपेरातली गावकऱ्यांची ओळ ऐकवत होत्या, म्हणजे ज्या गाण्यात मुख्य गाणं दुसरंच कुणीतरी गातं ते. ईराला तेवढं पुरलं होतं.

मराठी मंडळाच्या गणपतीतही त्यांनी हे तंत्र घुसवून पाहिलं. आमचा गणपती शाळेच्या कॅफेटेरियात बसतो. आरतीच्या प्रत्येक ओळीअखेर सगळा हॉल एकदम श्वास घेतो हे काकूंना सहन होईना. त्यांनी फर्मान काढलं: चष्मेवाल्यांनी ओळीच्या सुरुवातीला श्वास घ्यायचा, बिनचष्मेवाल्यांनी मध्यावर. आरती इतकी सलग झाली की थांबायचं कुठे तेच कुणाला कळेना आणि एका कडव्यावरून दुसऱ्यावर घसरत आम्ही तीन आरत्या जास्त म्हटल्या. पुढच्या वर्षी कमिटीने काकूंना प्रसादाचं डिपार्टमेंट दिलं.

मग काकांचे कान जायला लागले. आधी ते फोन उचलेनासे झाले, मग मंडळाच्या पॉटलक जेवणात विनोद झाल्यावर एक क्षण उशिरा हसायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं की वरचे सूर आधी जातात, मग हळूहळू खालचे. मशिनं कानात बसवली, पण काका म्हणायचे, त्यातून सगळं जग टिनपाटासारखं वाजतं. आम्ही हे सगळं हसण्यावारी नेत होतो याचं आज मला वाईट वाटतं.

एका जानेवारीत काकू दुपारच्या आल्या आणि चक्क वाक्याच्या शेवटी थांबल्या. "विनय, तुझं बेसमेंट हवंय."

मी सॉफ्टवेअरवाला, पण आवाज रेकॉर्ड करायचा मला नाद आहे. बेसमेंटमध्ये मी भिंतींना फोम लावून एक खोली केली आहे. मीनल तिला 'कोठडी' म्हणते.

"काका परवा म्हणाले," काकू सांगू लागल्या, "की सरोज, अठ्ठावीस वर्षं तुला ऐंशी जणांत शोधली. एकदा तुझा एकटीचा आवाज ऐकव. कान आहेत तोवर." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्यांच्या त्या खोक्यातली आठ गाणी काढलीयत. ब्रॉडवेची. मला भीती वाटतेय रे."

काकू तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. भीती कसली ते पहिल्याच शनिवारी कळलं. त्यांच्या ऑपेरातल्या एका मैत्रिणीने पियानो वाजवून पाठवला होता. तो हेडफोनमध्ये ऐकत काकूंनी माइकसमोर गायचं, एवढंच. पण पहिली ओळ सुरू झाली आणि काकू नकळत अर्धं पाऊल मागे सरकल्या. मी जमिनीवर टेप चिकटवली. त्या टेपच्याही मागे गेल्या. अठ्ठावीस वर्षं ज्या बाईने रांगेच्या पुढे नाक काढलं नाही, ती अशी कशी पुढे येणार? शेवटी मी त्यांच्या मागे कपड्यांची टोपली ठेवली.

श्वासाचं त्याहून कठीण होतं. 'मूनलाइट' म्हणताना 'मून' झालं की काकू सवयीने श्वास घ्यायच्या, आणि 'लाइट' पुढच्या महिन्यात उगवायचा. कोरसमध्ये डावीकडची बाई तेवढ्यात तो शब्द सांभाळून घ्यायची. इथे डावीकडे माझा वॉटर हीटर होता. आपला आवाज हेडफोनमधून परत ऐकला आणि काकू हसल्याही नाहीत. दुसऱ्या शनिवारी आल्या तेव्हा त्यांच्या गाण्यांच्या कागदांवर लाल पेन्सिलने जागोजागी मराठीत लिहिलेलं होतं: 'इथे थांब. शेजारी कुणी नाही.' ते वाचून मी उगाच वायरी तपासत बसलो.

शब्दांचीही पंचाईत होती. ऑपेराच्या गळ्यातून इंग्रजी असं गोल होऊन निघायचं की गाणं प्रेमाचं आहे की हवामानाचं ते समजू नये. "ऑपेरात शब्द वर पडद्यावर लिहून येतात," काकू म्हणाल्या. "इथे मलाच सांगायला लागणार." मग त्या गाणी स्वयंपाक करताना काकांवर ओरडल्यासारखी म्हणून पाहू लागल्या. काकांना वाटलं काकू चिडल्यात, आणि ते आपणहून भांडी घासू लागले. काकूंनी गैरसमज दूर केला नाही.

फेब्रुवारीभर दर शनिवारी आमचं घर गोठायचं, कारण रेकॉर्डिंग चालू असताना हीटिंग बंद. काकू शाल आणि स्नो बूट घालून गायच्या, मी जाकिटात. एक उत्तम टेक मालगाडीच्या भोंग्याने घालवला, दुसरा मीनलच्या कुकरने. मीनल वरून म्हणाली, "काकू, सॉरी हं, तीनच शिट्ट्या होत्या." तरी करता करता सात गाणी झाली. काकूंचा एकटीचा आवाज मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. तो मोठा नव्हता. भाकरीसारखा होता, जाडसर, उबदार आणि कडेला किंचित करपलेला.

आठवं गाणं मात्र अडलं. त्याच्या शेवटी एक सूर आहे, लांबच लांब, आणि काकूंचा दम त्याला पुरेना. तीन शनिवार गेले.

"काकू, मी दोन टेक एडिट करून जोडतो. कळणारसुद्धा नाही," मी म्हणालो.

"मला कळेल. आणि ते इंजिनियर आहेत, सांधा ओळखतात."

चौथ्या शनिवारी पुन्हा तेच. गाणं सुरेख वर चढलं, तो सूर आला, काकूंनी धरला, धरला, आणि मला त्यांचे खांदे दिसले. दम संपत चालला होता. डोळे डावीकडे वळले, तिथे कुणी असायची सवय होती म्हणून. या वेळी डावीकडे, वॉटर हीटरपाशी, मी होतो. पुढे जे झालं ते मी ठरवून केलं नाही. मी आयुष्यात आरतीपलीकडे काही गायलेलो नाही. पण माझं तोंड उघडलं आणि तो सूर, निदान त्याचा खालचा कुणी गरीब नातेवाईक, मी धरला. काकूंनी श्वास घेतला. मग माझ्या आवाजाच्या मागून चोरपावलांनी परत आल्या आणि सूर शेवटपर्यंत नेऊन सोडला.

काकूंनी हेडफोन उतरवले. मग काकू म्हणाल्या, "विनय, तू बेसूर आहेस. पण वेळेवर आलास."

मी ते रेकॉर्डिंग पुसायला निघालो तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे. एवढं एकटं पुरे मला."

काका ऐकायला आले तो रविवार होता. कानांतली मशिनं काढून त्यांनी माझे मोठे हेडफोन चढवले, मी आवाज शक्य तेवढा वाढवला. काकू ऐकायला थांबल्या नाहीत. वर जाऊन मीनलबरोबर धुतलेले डबे पुन्हा धुवत बसल्या. काका आठही गाणी डोळे मिटून बसले होते. शेवटी मात्र दचकून त्यांनी विचारलं, "हे कोण रेकलं?" मी स्वतःकडे बोट दाखवलं.

मग ते जिना चढून वर गेले आणि ओट्याशी उभ्या असलेल्या काकूंना म्हणाले, "हाच. हाच आवाज यायचा मला गॅलरीत. मी म्हणत नव्हतो?"

"खोटारडे कुठले," काकू म्हणाल्या, आणि ओल्या हातांनी त्यांचा चेहरा धरून रडल्या. काका खरं बोलले की खोटं हे मला अजून कळलेलं नाही. पण त्या क्षणी मला ते खरं हवं होतं, इतकं हवं होतं की मी त्यावर विश्वास ठेवून टाकला.

पुढच्याच उन्हाळ्यात ती दोघं टेक्सासमधल्या फ्रिस्कोला मुलीकडे राहायला गेली. जाताना काकूंनी कढीपत्त्याचं झाड आम्हाला दिलं, रेकॉर्ड्सचा खोका मात्र स्वतः मांडीवर घेऊन बसल्या. त्यांच्या घरात आता एक शांत जोडपं आलं आहे. ते वाक्याच्या शेवटी थांबतात आणि आम्हाला बोलायला काही सुचत नाही.

परवा काकूंचा फोन आला. मुलीच्या स्विमिंग पूलची, टेक्सासच्या उकाड्याची हकीकत एका दमात सांगून झाली. मग मी काकांचं विचारलं.

"कान गेलेच म्हणायचे रे," काकू म्हणाल्या. "माझं तर काहीच पोचत नाही आता. बोलणं नाही, गाणं नाही. पाटीवर लिहून देते. पण रोज चहा झाला की हेडफोन लावून बसतात. आठवं गाणं. मी समोर बसते."

"ऐकू येतं त्यांना?"

"माझा आवाज नाही येत. खालचे सूर तेवढे उरलेत, त्यामुळे शेवटी फक्त तुझं ते रेकणं येतं." त्या हसल्या. "बाकी सगळा वेळ नुसते माझ्याकडे बघत बसतात. आणि तुझा आवाज आला ना, की बोट वर करतात आणि म्हणतात, 'सरोज, आता तू श्वास घेतेयस.'"

काकू इथे थांबल्या. फट होती, चांगली मोठी, पण मला शिरता आलं नाही.

"मग मी घेते," काकू म्हणाल्या.