समुद्रातलं तेल आणि इंजिनमामा

इंजिनमामा अंतर कधी किलोमीटरमध्ये सांगत नसत. ते बोटांत सांगत. पल्याडचा काठ दीड बोट, मधलं टेकाड एक बोट, वारा समोरून असला की तोच काठ अडीच बोटं. होडीच्या डिझेलच्या डब्यात बुडवायची बांबूची एक काडी त्यांच्या कानामागे खोचलेली असे. काडी बुडवायची, वर काढायची आणि किती डिझेल जळलं ते ओल्या भागावर बोटं आडवी धरून पाहायचं. माझी बदली त्या पुनर्वसित गावच्या शाळेत झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं की पलीकडे जायला किती वेळ लागतो. मामांनी आधी काडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वेळेचं मले नाई समजत जी, गुरुजी. दीड बोट लागते." मला वाटलं, म्हातारा नव्या मास्तरची फिरकी घेतोय. पण फिरकी घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

डोंगा, म्हणजे मामांची ही होडी, लाकडी होता आणि त्यावरचं इंजिन मुळात डोंग्याचं नव्हतंच. ते त्यांच्या विहिरीवरचं. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढत आलं तेव्हा लोकांनी घराची दारं, खिडक्या, वासे काढून आणले. मामांनी आधी इंजिन उपटून आणलं. शेत गेलं, विहीर गेली, मग नुसत्या इंजिनाचं करायचं काय? त्यांनी ते डोंग्यावर बसवलं, मागे दांडा लावला, दांड्याला पंखा लावला. गावात म्हणत, मामाचं शेत बुडालं पण इंजिन तरंगलं. मामा म्हणत, "हेच इंजिन माह्या बांधीले पानी पाजत होतं. आता बांधीच पान्यात गेली तं याले काम पायजे ना?"

पाण्यात एका ठिकाणी आलं की ते इंजिनाची गती हळूच कमी करीत. हात जोडणं, डोळे मिटणं असला प्रकार नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "खाली विहीर हाय जी. काठाचा दगड लागन." त्या विहिरीवर तीस हात पाणी असेल. मी हसलो. डोंग्यातलं दुसरं कुणीही हसलं नाही, आणि मग मीही आवरलं.

हा डोंगा गावाच्या किती कामाचा होता, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. गाव वसवलं या काठाला, आणि निम्म्या घरांच्या बुडायच्या राहिलेल्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, पलीकडच्या काठाला. रस्त्याने वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस त्यातच जातो. रोवणीच्या दिवसांत बायका पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या घेऊन सकाळीच डोंग्यात बसत. मामा त्यांना नेत आणि दिवस मावळायच्या आत आणत. याचं रोकड भाडं नव्हतं. पाडव्याला मारुतीच्या पारावर बैठक बसे, घरामागे किती पायल्या धान द्यायचं ते ठरे आणि सुपारी फोडली जाई. एकदा सुपारी फुटली की पुढच्या पाडव्यापर्यंत त्या विषयावर कुणी तोंड उघडायचं नाही. मधल्या काळात डिझेल चढलं तर ते मामांचं नशीब.

आता माझ्याबद्दल. मी अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झालो होतो, आणि ही माहिती कुणी न विचारताही देत असे. रोज सकाळी शाळेच्या ओसरीवर मी पेपर मोठ्याने वाचत असे. दहा-बारा माणसं जमत. मी वाचे, मध्ये थांबे, समजावून सांगे. माणसं माना डोलावत आणि माझी छाती फुगे. अशा छात्यांपासून देव गावांना वाचवो, पण वाचवत नाही.

त्या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी पेपरात बातमी होती. देशात तेलाचा शोध वाढवणार, समुद्रात नव्या विहिरी खोदणार. दुसऱ्या दिवशी पारावर मी आपणहून उभा राहिलो. म्हणालो, "आपलं तेल आपल्याच समुद्रातून निघालं, की बाहेरून आणायला नको. बाहेरून आणायला नको, म्हणजे डिझेल उतरणार. सरळ गोष्ट आहे."

मामा पाराच्या कडेला बसले होते. त्यांनी कानामागची काडी काढून हातात घेतली. "गुरुजी, धान कोनाच्या बांधीत होते?"

"आपल्याच."

"मंग भाव आपली बांधी ठरवते का? यापारी म्हनते, वरून भाव आला. धान माह्या दारात, अन भाव वरून. तेलाचं बी तसंच नसन का जी?"

"मामा, धान वेगळं आणि तेल वेगळं."

"असन बाप्पा. धरनाच्या वक्ती बी कोनी सायेब असेच उभे राहून बोलले होते. म्हने, बांधीत पानी येईन." त्यांनी काडी पुन्हा कानामागे खोचली. "आलं जी. बांधीतच आलं."

सगळा पार खदखदून हसला. मलाही हसू आलं, पण आपली बाजू पडतेय हे सहन होईना. मी जास्तच जोरात बोलायला लागलो. परदेश, आयात, स्वावलंबन, जे जे येत होतं ते सगळं काढलं. मग कुणीतरी म्हणालं, डिझेल उतरणारच आहे तर माप दोन पायल्यांनी कमी करा. दुसरा म्हणाला, आणि एकदम तीन पाडव्यांचं ठरवून टाका, दरवर्षी कायले बसाचं? असं आजवर कधी झालं नव्हतं. सुपारी एका वर्षाची असे. पण दोन पायल्या वाचत होत्या आणि शिकलेला माणूस हमी देत होता.

मामा माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुमी म्हनता का, उतरन म्हून?"

"लिहून देतो."

"लिवाचं काम नाई. तुमी शिकले-सवरले मानूस. आमी आंगठेवाले." आणि पाराकडे वळून म्हणाले, "फोडा सुपारी."

स्वतःला जे स्पष्ट दिसत होतं ते बाजूला ठेवून त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांनी मला खोटं ठरवलं असतं तर आज मी किती सुखी असतो!

डिझेल उतरलं नाही. चढलं. कधी थोडं थांबलं आणि पुन्हा चढलं. मी पेपर बारकाईने वाचायला लागलो आणि आधीच वाचायला हवं होतं ते तेव्हा वाचलं. विहीर खोदायचं ठरल्यापासून तेल वर यायला वर्षांमागून वर्षं जातात. निघालेलं तेलही जगाच्या बाजाराच्याच भावाने विकलं जातं, आणि आपण काढू ते तेल त्या बाजारात इतकं थोडं की त्याने तो भाव हलत नाही. त्यावर कर असतात ते वेगळेच. मामांनी धानावरून जे दोन वाक्यांत सांगितलं होतं, तेच मोठमोठे जाणकार पानभर लिहीत होते. ते पान मी ओसरीवर वाचलं नाही. त्या दिवशी क्रिकेटचं वाचलं.

मामा आता अर्ध्या पाण्यात गेलं की इंजिन बंद करू लागले आणि वल्हं उचलू लागले. कुणी विचारलं तर म्हणत, "इंजिनाले बी इसावा लागते जी." साठी उलटलेला माणूस, डोंग्यात पंधरा बायका, वर ओल्या पऱ्ह्यांचं ओझं. कधी एखादी बाई दुसरं वल्हं हातात घेई. पुरुषांपैकी कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. त्यात मीही आलो. एकदा मी हळूच म्हणालो, "मामा, माप वाढवून मागा. मी बोलतो पारावर." ते म्हणाले, "फुटली सुपारी जोडता येते का, गुरुजी?" मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

दुसऱ्या वर्षीच्या रोवणीत, भर दुपारी, वारा उठला. डोंगा मध्यावर होता आणि इंजिन नेहमीप्रमाणे बंद. पाण्याखाली बुडालेल्या मोहाच्या झाडांचे वाळके शेंडे तिथे वर आलेले आहेत. वाऱ्याने डोंगा त्यांच्यावर लोटला. मामांनी इंजिनाला हँडल मारलं, पुन्हा मारलं, पण पाणी उडून ते भिजलं होतं. डोंगा कलला आणि दोन बायका पाण्यात गेल्या. मामांनी उडी टाकून दोघींना वर घेतलं. जीव कुणाचा गेला नाही. एकीचा हात मोडला आणि दिवसभराचे पऱ्हे पाण्यावर पसरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर बैठक बसली.

"इंजिन असून बंद काहून ठेवलं?"

"डिझल वाचवत होता बुढा. धान पुरा घेते अन वल्ह्यानं नेते."

"बायकाइचा जीव सस्ता झाला का?"

हात मोडलेली बाई गळ्यात फडकं बांधून मागे उभी होती. ती म्हणाली, "मामानंच काढलं ना मले." तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. मामा उठले. "चूक झाली जी," एवढंच म्हणाले. मग त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

एका वाक्याचं काम होतं. डिझेल उतरेल असं मी सांगितलं, मी चुकलो, माप मी कमी करायला लावलं. हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण उद्यापासून ओसरीवर कोण येणार, गुरुजी म्हणून कोण मान डोलावणार, एवढाच विचार मनात आला. मी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसलो. पुसून झाला तेव्हा निकाल लागला होता. धान बंद, डोंगा बंद.

मामांनी दोन दिवस बसून इंजिनाचे नटबोल्ट काढले. मदतीला कुणी गेलं नाही. भंगारवाल्याने ते हातगाडीवर नेलं, तेव्हा मामा घरात होते. आठवड्याने ते लाखनीला मुलीकडे निघून गेले. आता पलीकडच्या निम्म्या बांध्या पडीक आहेत, कारण रोज अर्ध्या दिवसाचा वळसा कोण घालणार? आणि पारावर अजून म्हणतात, डोंगा बंद पडला तो बुढ्याच्या लोभापायी.

वर्षभराने मी लाखनीला गेलो. मुलीची चहाची टपरी हमरस्त्याला लागून आहे. मामा बाकावर बसले होते. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, कप डाव्या हातात होता. ट्रकांच्या आवाजात मी त्यांना सगळं सांगितलं. बातमी अर्धी वाचली होती, तुमचंच खरं होतं, माझ्यामुळे झालं, माफ करा. बराच वेळ बोललो. मला चांगलं बोलता येतं.

मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रागाचं काही चिन्ह नव्हतं, आणि तेच मला सोसवत नव्हतं.

"तेलाचं तुमी खोटं नाई बोलले, गुरुजी," ते म्हणाले. "तुमाले वाटलं ते बोलले. मानूस चुकते. पन हे जे आता बोलून राहिले ना, हे इथं कायले बोलता? मले तं ठावूकच हाय. हे पारावर बोलाचं होतं."

मग त्यांनी मुलीला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला. गाव तिथून तासाभराच्या अंतरावर होतं आणि पार जागच्या जागी होता. मी चहा घेतला आणि संध्याकाळच्या बसने गावी परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर माणसं जमली होती. मी पेपर उघडला आणि वाचायला लागलो.