बाइत्सिले खोत्लात बोलली

माझी थोरली नणंद बाइत्सिले जन्माची तोतरी. साधं 'पाणी' म्हणायलासुद्धा तिला वेळ लागे. तिचं लग्न झालं नाही. गावच्या शाळेत मुलांसाठी ज्वारीची लापशी शिजवण्यात तिचं आयुष्य गेलं. शेजारचा मोथीबी त्याच लापशीवर वाढला. लहानपणी तो तिची अशी हुबेहूब नक्कल करी, की ती पळी उगारून त्याच्यामागे धावे. पुढे तो वकील झाला, मंत्री झाला आणि अखेर आमच्या बोट्स्वानाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

गेल्या हिवाळ्यात सरकारनं आमची शाळा बंद करून मुलांना दूरच्या वसतिगृहात पाठवायचं ठरवलं. ते सांगायला मोथीबी स्वतः खोत्लात, म्हणजे आमच्या गावसभेत आला.

बाइत्सिलेनं शाल पांघरली, डोक्याला रुमाल बांधला.

"वन्सं, तुमच्याऐवजी मी बोलू का?" मी विचारलं.

"त-तोंड मला पण आहे," ती म्हणाली.

खोत्लात कुणीही बोलावं, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत इतरांनी गप्प बसावं, अशी आमची रीत. ती उभी राहिली.

"शा... शा... शा..."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. राष्ट्राध्यक्षांसोबत आलेला एक अधिकारी म्हणाला, "शाळा. बरं, पुढे बोला, म्मा." बाईमाणसाला आम्ही आदरानं 'म्मा' म्हणतो.

मोथीबीनं मान वळवली. "साहेब, शब्द तिचा आहे. तुम्ही कशाला पळवता?"

मग सगळे थांबले. खोत्लातल्या झाडाची सावली माणसांवरून सरकत गेली, तरी मोथीबी जागचा हलला नाही.

"शाळा बंद झाली, तर सहा वर्षांची ले-लेकरं रात्री घाबरून कुणाला हाक मारतील?" तिनं एकदाचं वाक्य पुरं केलं. खाली बसता बसता म्हणाली, "माझी नक्कल करत मो-मोठा झालास, बाळा. आता उत्तर तरी स्वतःचं दे!"

खोत्ला हसून लोटपोट झाला. सगळ्यांत मोठ्यानं मोथीबीच हसला. मग उठून म्हणाला, "म्मा, आमच्या कागदांत मुलं मोजली होती, त्यांच्या आया राहून गेल्या. शाळा इथंच राहील."

बायकांनी आनंदानं किलकाऱ्या मारल्या. माझी मान तर अशी ताठ झाली, की रुमाल मागे घसरला.

हल्ली सभेत कुणी दुसऱ्याचं बोलणं तोडायला गेलं, की म्हातारे दटावतात, "गप रे, बाइत्सिले बोलतेय असं समज!"