रविवारी उपास नसतो

पोटावर दोन थापा मारायच्या आणि म्हणायचं, “हे घर देवाचं हाय. मी नुसती भाडेकरू. मालकाची तक्रार नाय, मग तू कोन?”

वजनावरून कोणी काही बोललं की मावशींचं हे उत्तर ठरलेलं. एकदा खुद्द फादर त्यांना म्हणाले, “मावशी, चार पायऱ्या चढलात की दम लागतो. जरा कमी करा.” मावशींनी शांतपणे फादरांच्या झग्याकडे पाहिलं. “करते हो. पन तुमच्या घराला पन नवी गॅलरी निघालेली दिसतेय.” सगळ्यात मोठ्यानं फादरच हसले.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. ती खोलीत आली की खोली भरते, आणि ती गेली की आपण जरा सरळ बसलोय असं लक्षात येतं.

वसईत होळी नावाच्या बाजारापासून थोडं आत आमचं गाव. मावशींची वाडी आमच्या घरामागेच. पालक, मुळा, केळी, कडेनं सोनचाफा आणि मधोमध बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं जुनं तळं. आठवडाभर मी बँकेत आणि मावशी वाडीत. रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, मात्र आम्ही दोघी मिळून सहावी-सातवीच्या मुलींना धर्मशिक्षण देत असू. मी पुस्तकातलं शिकवायची, त्या बाकीचं.

“देवानं जग घडवलं आनि काय म्हनाला?” मावशी विचारत.

“चांगलं आहे!” मुली ओरडत.

“आनि मानूस घडवल्यावर?”

“फार चांगलं आहे!”

“मग त्यात ‘जरा काळी हाय, पन चांगली’ असं कुठं लिवलंय? ‘दात पुढं हायेत, पन चालेल’? शोधा बघू.”

मुली खरोखर बायबलची पानं उलटत बसत. मावशी घाई करत नसत. पाच मिनिटांनी सगळ्या माना वर झाल्या की म्हणत, “नाय ना सापडलं? मग घरी जाऊन सांगा, की मावशींना पन नाय सापडलं.”

हे सगळं मी दर वर्षी ऐकत होते आणि मान डोलावत होते. माझ्याच घरात काय चाललंय ते मात्र मला दिसलं नाही.

माझी मुलगी जेनी तेव्हा बारा वर्षांची होती. मे महिन्यात माझ्या नणंदेचं लग्न होतं आणि जेनी तिची ब्राइड्समेड होणार होती. फिक्या निळ्या ड्रेसचं माप द्यायला गेलो, तेव्हा शिवणारी बाई म्हणाली, “कंबरेत जरा जास्त सोडावं लागेल.” मी लगेच म्हणाले, “सोडू नका. अजून तीन महिने आहेत, तोवर होईल कमी.” बोलले आणि विसरले. जेनी विसरली नाही.

पुढच्याच आठवड्यात राखेचा बुधवार आला, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला. जेनीनं जाहीर केलं, की चाळीस दिवस ती रात्री जेवणार नाही. मग दुपारचा भात सुटला. मग शाळेतला डबा भरलेलाच परत येऊ लागला. माझ्या सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगत, “आमची नात बघा, या वयात केवढी भक्ती!” मलाही अभिमान वाटत होता. हे लिहिताना आजही लाज वाटते.

चौथ्या रविवारी मिस्सात शुभवर्तमानाच्या वाचनाला सगळे उभे राहिले आणि जेनी बाकावर कोसळली. मी वाचनासाठी पुढे वेदीपाशी होते. मी पोचेपर्यंत मावशींनी तिला बाहेर व्हरांड्यात नेऊन बसवलं होतं. पिशवीतून वेलची केळं काढून त्यांनी तिच्यापुढे धरलं होतं.

“माझा उपास आहे,” जेनी पुटपुटली.

“आज वार कुठला?”

“रविवार.”

“रविवारी उपास नसतो पोरी. रविवार पुनरुत्थानाचा. आनि तुझ्या वयाच्या पोरींना तर चर्चनं उपास सांगितलाच नाय. मग हा उपास कोनी सांगितला?”

जेनीनं तोंड फिरवलं.

“देवासाठी करतेस, का आरशासाठी?”

त्यावर जेनी जी रडायला लागली, ती थांबेना. मावशींनी तिला कुशीत घेतलं. त्या एवढ्या मोठ्या कुशीत ती जवळजवळ दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, “मला ड्रेस होणार नाही.”

ते मी उंबऱ्यात उभी राहून ऐकलं.

दुपारी मावशी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मला वाटलं, जेनीला समजवायला आल्यात. त्या माझ्यासाठी आल्या होत्या.

“सकाळी आरशापुढं उभी राहून तू काय बोलतेस?”

“काही नाही. म्हणजे... साडी नेसताना म्हणते, किती सुटलेय मी.”

“रोज?”

मी टेबलावरची भाताची शितं बोटानं गोळा करू लागले.

“पोर तुझं सांगनं ऐकत नाय, तुला बघतं. तू वर्गात सांगतेस देवानं चांगलं घडवलं. घरी येऊन म्हनतेस, माझ्या वेळी चुकलं त्याचं.” त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट माझ्या हातावर हात ठेवून त्या बोलत होत्या. “मला लहानपनी म्हैस म्हनायचे. घरातलेच. तीन स्थळं मला बघून परत गेली. चौथा जेवून गेला आनि विचारून गेला, की परत जेवायला कधी येऊ. चाळीस वर्षं जेवला. पन त्या तिघांचं बोलनं पोटातून जायला मला त्यातली दहा वर्षं लागली. जेनीची दहा वर्षं नको घालवू.”

मी म्हणाले, “मी रोज प्रार्थना करीन, मावशी.”

“कर ना. आनि उद्या डॉक्टरकडं पन ने.”

नेलं. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी जेनीशी एकटीशी बोलायला दर आठवड्याला वेळ दिला. मावशींनी आम्हाला घरासाठी वेगळं पथ्य दिलं: कोणी कोणाच्या अंगावरून बोलायचं नाही, स्वतःच्याही नाही. वाटतं तितकं हे सोपं नाही. करून बघा. पहिल्या दिवशी मी सात वेळा जीभ चावली. माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या टकलावर विनोद केला, तर सासूबाईंनीच त्याला दटावलं.

एका दिवसात काही बदललं नाही. ताटात दोन घास वाढत, एक पुन्हा कमी होई.

ईस्टरनंतर सुट्टी लागली. दर मे महिन्यात मावशी गावातल्या मुलींना बावखलात पोहायला शिकवत. जुना गाऊन घालून त्या पाण्यात उतरत, तेव्हा काठावर लाट येई. “बघा, पानी वर आलं माझ्यामुळं. कशाला लाजायचं?” मुली खिदळत.

जेनी दोन दिवस पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून काठावर बसून राहिली. मावशींनी एकदाही बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी ती आपणहून पायऱ्या उतरली. मावशींनी तिच्या पाठीखाली तळहात धरला. “अंग सैल सोड. पानी वजन विचारत नाय, उचलून धरतं.” मग हळूच त्यांनी हात काढून घेतला. जेनी आकाशाकडे बघत तरंगत राहिली. मी घाटावर बसून रडले. ते मावशींनी पाहिलं आणि माझ्यावर पाणी उडवलं.

लग्नात निळा ड्रेस कंबरेत सैल करून घातला. जेनी शेवटच्या गाण्यापर्यंत नाचली.

मागच्या वर्षी मावशी गेल्या. जेवून दुपारी लवंडल्या त्या उठल्याच नाहीत. चेहरा अगदी समाधानी होता.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. पेटी उचलायला पुरुष पुढे झाले, तेवढ्यात बाकांमधून एकेक मुलगी उठू लागली. कोणी नर्स, कोणी शिक्षिका, कोणी कडेवरचं बाळ आईकडे देऊन आलेली. सगळ्या मावशींच्या वर्गातल्या. एकोणीस वर्षांची जेनी सगळ्यांच्या पुढे होती.

एक काका म्हणाले, “जड आहे गं पोरींनो, झेपायचं नाही.”

“माहितीये काका,” जेनी म्हणाली. “म्हणून आठजणी आलोय.”

त्यांनी पेटी खांद्यावर घेतली. कबरस्तानापर्यंतची वाट लांब नाही, पण त्या सावकाश चालल्या. मधे एकदा खांदा बदलला, खाली मात्र कुठंच ठेवली नाही. फादर पुढे प्रार्थना म्हणत होते आणि मागून आम्ही सगळे त्या आठ घामेजल्या पाठींकडे बघत चाललो होतो.

घरी आल्यावर जेनी आंघोळ करून पानावर बसली. भात, आमटी, मावशींच्या वाडीतल्या मुळ्याची भाजी. डाव्या खांद्यावर पेटीच्या कडेचा लाल वळ उठला होता. मधूनमधून तो चोळत ती जेवत होती. थोड्या वेळानं तिनं ताट पुढे केलं आणि म्हणाली, “आई, भात वाढ.”