दुसऱ्यांदा ओढलेला दांडा

शिसं वितळलं की त्याच्यावर राखाडी साय धरते. ती पळीने बाजूला काढली की खालचं शिसं आरशासारखं चमकतं. हे मला जावयांनी शिकवलं. गॅरेजचं दार उघडं ठेवायचं, हातमोजे घालायचे, काम झालं की कोपरापर्यंत हात धुवायचे.

त्यांच्याकडे मोठ्या लढाईतली एक जुनी रायफल आहे. तिच्यात आठ काडतुसांची पत्र्याची पकड वरून दाबून बसवतात. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप जागेवर येते. जावई इथेच जन्मलेले, त्यांना जुन्या वस्तूंचं वेड. तिच्यासाठी गोळ्या ते घरीच ओततात आणि काडतुसंही घरीच भरतात.

मी या परदेशात, फ्रिस्कोला मुलीकडे आले त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मुलगी म्हणायची, देवळात चल, बायका भेटतील. त्या बायका शिकलेल्या, निम्मं बोलणं इंग्रजीत. मी चौथी पास. कोपऱ्यात बसून हसत राहायचं आणि घरी यायचं. गॅरेजमध्ये मात्र बोलावं लागत नसे. साच्यातून पडलेल्या गोळ्या निवडायच्या, सुरकुती असलेली किंवा बूड नीट न भरलेली परत भांड्यात टाकायची. जावई एकदा मुलीला म्हणाले, "आईंची नजर बेस्ट आहे. माझ्याकडून सुटलेल्या पण त्या पकडतात." त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

एका शुक्रवारी दुपारी त्यांनी मला बंदुकीच्या दारूचं माप हाताळू दिलं. टेबलाला घट्ट बसवलेली नळी, बाजूला दांडा. खाली रिकामं काडतूस धरायचं, दांडा एकदा वर, एकदा खाली, की मोजकी दारू पडते.

"आई, एकदाच हं," ते म्हणाले. "शिशाच्या गोळीला दारू कमी लागते. काडतूस अर्धं पण भरत नाही. दोनदा पडली तर बाहेर सांडणार नाही, आत मावेल. कळणार पण नाही. आणि फायर केली की रायफल तोंडावर फुटेल. म्हणून मी प्रत्येकात टॉर्च मारून चेक करतो."

चाळीस काडतुसं होती. पहिल्या दोन रांगा त्यांनी शेजारी उभं राहून बघितल्या. मग ऑफिसचा फोन आला. ते कानात ते यंत्र घालून बोलत राहिले, मी दांडा ओढत राहिले, आणि मी पुढे केलेल्या काडतुसांवर ते गोळ्या बसवत गेले. टॉर्च तशीच पडून होती. मला ते दिसलं. त्यांचं बोलणं चालू होतं, मध्ये कसं सांगायचं म्हणून मी गप्प राहिले.

शनिवारी सकाळी ते रायफल घेऊन नेमबाजीच्या मैदानावर गेले. दुपारी मी मुलीला जेवायला वाढत होते. भाताचा एक डाव घातला.

"बास आई."

माझ्या हाताने आणखी थोडा घातलाच.

"अगं, बास म्हटलं ना."

"एकदाच वाढू नये," मी म्हणाले. आमच्याकडे एकदाच वाढलेलं गेलेल्या माणसाचं पान. म्हणून भात असो, आमटी असो, दुसऱ्यांदा थोडं तरी पडलंच पाहिजे. आठ वर्षांची असल्यापासून मी वाढते आहे. हाताला सांगावं लागत नाही.

डाव हातात धरूनच मी उभी राहिले. आदल्या दिवशीची शेवटची रांग डोळ्यांपुढे आली. एका काडतुसाला दांडा खाली आणल्यावर माझा हात पुन्हा वर गेला होता. की गेला नव्हता? तेव्हा माझं लक्ष टॉर्चकडे होतं.

मी बसले. माझं पान वाढून घेतलं. सांगितलं तर गॅरेज बंद होणार, हे पहिलं मनात आलं. त्यांचा चेहरा नंतर आला. हे मी इथे लिहून ठेवते, कारण ते खरं आहे. दोन घास खाल्ले. मुलगी काहीतरी सांगत होती, मी हूं हूं करत होते. चार-पाच मिनिटं तरी गेली असतील. मग मी ताट बाजूला सारलं आणि सांगितलं.

ती ताटावरून तशीच उठली. फोन लावला. वाजत राहिला. मैदानाच्या ऑफिसला लावला, तिथे यंत्र बोललं.

"फोन गाडीत ठेवून जातो तो. कानावर ते मफ्स, आवाज बंद करायचे. यार, आई, गाडीत बस आधी."

वाटभर ती एकच विचारत राहिली. "नक्की दोनदा ओढलंस?"

"नक्की नाही."

"मग आठव ना."

"आठवतेच आहे."

पुढचा सिग्नल लाल झाला. तिने स्टिअरिंगवर हात आपटला. मी वाती वळाव्यात तशी पदराचं टोक वळत होते.

मैदानाच्या दाराशी बार ऐकू येत होते. प्रत्येक आवाजाला मी थांबून पुढच्याची वाट बघायचे. पुढचा आला की बरं वाटायचं. खिडकीतल्या म्हाताऱ्या गोऱ्याने आधी कागद पुढे केला, सही करा म्हणून. मुलगी त्याच्याशी भराभर बोलली. त्याने पेन खाली ठेवलं आणि भोंगा वाजवला. सगळे आवाज एकदम थांबले.

जावई चौथ्या खोपटात होते. दोन डोळे, दोन हात, सगळं जागेवर. सोळा गोळ्या मारून झाल्या होत्या. पुढच्या आठ रायफलीत होत्या. मुलीने सांगितल्यावर त्यांनी त्या सावकाश बाहेर काढल्या आणि डब्यात ठेवल्या.

घरी येऊन ते हातोडीसारखं अवजार घेऊन बसले. काडतूस त्यात अडकवून आपटलं की गोळी आणि दारू सुटी होते. चोवीस उघडायची होती. दर वेळी दारू तराजूच्या ताटलीत ओतून वजन करायचे. रायफलीतल्या आठही बरोबर निघाल्या. मग आणखी सात. त्यांचे खांदे जरा सैल झाले.

"आई, तुम्ही उगाच घाबरलात," ते म्हणाले. "हिचा बिचारीचा लंच घालवलात."

"लंचचं जाऊ दे, आईची आमटी गेली," मुलगी म्हणाली. "गॅसवर करपली."

सोळाव्याला ताटलीत ढीग पडला. वजन करायची गरजच नव्हती. तरी त्यांनी केलं, पुन्हा केलं. दुप्पट.

उरलेली आठही त्यांनी एकेक करून उघडली. ती ठीक होती.

"चूक माझी," ते म्हणाले. "टॉर्च न मारता मी गोळ्या बसवल्या. थँक्स, तुम्ही लगेच सांगितलंत."

तो 'लगेच' शब्द मला सोसेना. "लगेच नाही सांगितलं," मी म्हणाले. "आठवल्यावर मी जेवायला बसले होते."

"किती वेळ?"

"चार-पाच मिनिटं."

मुलीने माझ्याकडे बघितलं. ते ताटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ओके." ताटली डब्यात रिकामी करत म्हणाले, "गोळ्या तुम्हीच निवडा. पुढच्या शनिवारी शिसं वितळवू."

त्यांनी दारूचा डबा कपाटात ठेवला. त्या कपाटाला कुलूप होतं, पण ते लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ते लावलं आणि किल्ली शर्टच्या खिशात टाकली. मी हात धुवायला गेले.