काजळ थोडं उशिरा

मुलांनो, इंदू गेल्याचं मला कुणी येऊन सांगितलं नाही. जळगावला, मेहरूणच्या घरी, मी तिच्या उशाशीच बसले होते. ही माझी धाकटी जाऊ, तुमची इंदूआजी. तिला जाऊन आता महिना होत आला, म्हणून सावकाश लिहिते आहे.

ती सोनगीरजवळच्या खेड्यातली. तिच्या वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं, दिसत नसे. बांधावर बसून ते विचारायचे आणि ही पोर कपाशीचं बोंड न् बोंड त्यांना सांगायची. असे डोळे मेलेल्या माणसाच्या डोळ्यांनी बरे होऊ शकतात, हे मी तिला एकदा इंग्रजी मासिकातून वाचून दाखवलं. वडील तोवर गेले होते. सगळं जळूनच जातं, हे तिच्या मनात आलं असावं. म्हणाली, "वहिनी, बठ्ठं जयी जास. मन्हा डोया तरी कोन्हा कामले येवोत."

त्या सकाळी ती गेली. मी पंखा बंद केला, तिच्या मिटल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला आणि शेजाऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हिरवं लुगडं काढलं, बांगड्या भरल्या. आधीच धुळ्याहून येऊन राहिलेल्या आत्याबाई, म्हणजे आमच्या सासऱ्यांच्या बहीण, बोटावर काजळ घेऊन पुढे झाल्या. त्यांनी कापूस उचलला, तसा मी त्यांचा हात धरला.

"काजळ नको. डोळे द्यायचेत."

"बिनकाजळाची धाडू? आणि पुढच्या जन्मी आंधळी आली, तर हात धरायला तू येशील का गं, शिकलेली?"

"येईन. आत्ता बाजूला व्हा."

उशीर झाला असता तर डोळे वाया गेले असते. पण हो म्हणायचं होतं ते भाऊंनी, तिच्या नवऱ्यानं. ते भिंतीला टेकून उभे होते. "मलाही म्हणाली होती ती," ते म्हणाले. "मी हसण्यावारी नेलं… येऊ द्या डॉक्टरांना."

डॉक्टर आले, दार लोटलं गेलं. आत्याबाई ओसरीवर काजळाचं बोट तसंच वर धरून बसून राहिल्या, पदराला पुसलं नाही. दार उघडल्यावर त्या आत गेल्या, वाकून तिचा चेहरा न्याहाळला. तो होता तसाच होता, झोपल्यासारखा.

"आता लावू ना गं?" त्यांनी मला विचारलं, आणि मिटल्या पापण्यांच्या कडेनं हलकेच बोट फिरवलं.

डोळे बर्फात ठेवून मुंबईला पाठवले. परवा डॉक्टर सांगून गेले, एका बाईची पट्टी सुटली, तिला दिसतं आहे. नाव त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. भाऊ उठून इंदूच्या खोलीत गेले आणि महिनाभर बंद असलेली खिडकी त्यांनी उघडली.

माझी वेळ येईल तेव्हा तुम्ही दूर असाल. तुमची वाट बघत मला ठेवायचं नाही, आधी डोळे द्यायचे, हे मी घरात बजावून ठेवलं आहे. काल आत्याबाई त्याच खिडकीशी बसल्या होत्या. मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "म्हातारीचे डोळे चालतात का गं?"

मी डॉक्टरांना विचारून आले. चालतात.